गव्हातलं निदण

आये,

तुझ्या पाया पडते. मी बरी हाय, दोन्ही वेळ पोटभर जेवते, काळजी करू नको. मंगळ्या हे वाचून दाखवील.

भिवंडीला दापोड्याच्या गोदामात आम्ही बाया गहू निवडतो. शेजारी सुलभाताई बसतात, त्या ख्रिस्ती हायत. त्यांच्या शास्त्रात गहू म्हणजे देवाची भली माणसं, आणि निदण म्हणजे तण, वाईट माणसं. वैरी येऊन त्या गव्हात निदण पेरतो, तरी मालक ते उपटू देत न्हाय. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या म्हणतो. मग निदणाच्या पेंढ्या बांधून जाळतात. मला ती गोष्ट फार आवडली. कल्पेशनं बाबांच्या उभ्या भातात बैल सोडले आणि ते बघून बाबा बांधावरच कोसळले ते गेलेच, तेव्हापासून मी कापणीचीच वाट बघत होते.

सोमवारी तो इथंच काम मागायला आला. मुकादमानं मला विचारलं, "तुमच्याच पाड्याचा म्हणतो. कसा हाय माणूस?"

"ठेवू नका," मी म्हटलं.

कल्पेश माझ्याकडं बघत उभा राहिला. मी मान खाली घालून गहू निवडत राहिले. तो गेला तेव्हा मला बरं वाटलं.

सुलभाताई म्हणाल्या, "भागी, त्या गोष्टीत कापणी देवदूत करतात. आपण नाही." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच न्हाय.

तुझा गुडघा कसा हाय? कल्पेशची बायको तांदूळ मागायला आली तर दार उघडू नको. आणि पोरांकडं बघून दिलेसच, तर मला कळवू नको.

तुझी लेक,
भागी