देवाचा अबोला

उमरावती कॅम्प,
ता. ९ फेब्रुवारी १९२९

प्रिय हरी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पाकिटावर तुझं वळणदार अक्षर पाहिलं आणि उघडण्याआधीच समजलं की आईचं काहीतरी आहे. नाहीतर अकोल्याहून मला पत्र कशाला येतंय? हे शाळेतून आले तोवर मी ते वाचून, पुन्हा घडी घालून, डब्याखाली ठेवून स्वयंपाकाला लागले होते. यांनी विचारलं, "काय म्हणतात वकीलसाहेब?" मी म्हटलं, "आई अंथरुणाला खिळली आहे. भेटायचं असेल तर आधी प्रायश्चित्त घ्या म्हणतात." यांनी बटाट्याची भाजी तेवढी जरा जास्त वाढून घेतली. वाईट वाटलं की यांना भूक लागते, तुला ठाऊकच आहे.

हा कागद उलट्या बाजूने छापलेला दिसेल. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, मागची बाजू कोरी असते ती मी टाकत नाही. तेव्हा मध्येच कुठे भूगोलाचा प्रश्न उमटलेला दिसला तर उत्तर लिहून पाठवू नकोस.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी शेवटीच देईन. आधी तुझा मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात बडनेऱ्याच्या फलाटावर आपली अवचित गाठ पडली, तेव्हा तू हळूच विचारलंस, "अक्का, जयवंत गेल्यावर तुझा देव तुझ्याशी काही बोलला का गं?" आणि मी सरळ सांगितलं, "नाही." तेच वाक्य तू आता माझ्यापुढे ठेवलं आहेस, साक्षीदार पिंजऱ्यात असावा तसं. म्हणतोस, तुझ्याच तोंडून तू कबूल केलंस की तो मुका आहे; मग मुक्या देवासाठी आईला, माहेराला, जातीला कशाला पारखी होतेस? थोडं पंचगव्य, थोडा विधी, आणि घर पुन्हा तुझं.

हरी, मी तेव्हा खरं बोलले आणि आजही खरंच बोलते. नाही बोलला. जयवंत तापाने फणफणला होता तेव्हा आमची सगळी मंडळी घरात गुडघे टेकून बसली होती. पाळकसाहेब होते, शाळेची पोरं होती, सूर्यभान पाटील शेतातलं कपाशीचं निंदण सोडून आले होते. मी तर त्याच्या उशापासून हललेच नव्हते. सात वर्षांचं पोर, "आई, पाणी" एवढंच म्हणत होतं. तो गेला. त्याआधी मी प्रार्थनेला बसले की कुणीतरी समोर बसून ऐकतं आहे असं मला वाटायचं. लहानपणी आई माजघरात असली की न बघताही कळायचं ना, तसं. जयवंत गेल्यापासून ते वाटणं बंद झालं. मी बोलते, आणि बोललेलं भिंतीला लागून परत येतं. अजून तसंच आहे. तुला आनंद होत असेल तर हेही लिहून ठेव.

पण मी बसायचं सोडलेलं नाही, हे तुझ्या वकिलीत आलं नाही.

आमच्याकडच्या लोकांनाही माझं ते 'नाही' पेललं नाही, फक्त तुझ्यासारखं वकिली करत नाहीत इतकंच. साक्षीच्या सभेत प्रत्येकाने उठून देवाने काय केलं ते सांगायचं असतं. पाळकसाहेब घरी येऊन मला समजावून गेले, "बाई, प्रभूने मला समाधान दिलं, एवढं एक वाक्य बोला. इतरांचा विश्वास वाढेल." मी म्हटलं, "नाही दिलं तर दिलं कसं म्हणू? खोट्या साक्षीने कुणाचा विश्वास वाढतो?" मग ते जरा चाचरत म्हणाले की घरात काही लपलेलं पाप असेल तर शोधून पाहा. हरी, त्या दिवशी मी त्यांना चहा दिला, पण दुसऱ्यांदा विचारला नाही.

आमच्याकडे कापणीचा सण असतो, तो तुला माहीत नसेल. ज्वारी घरात आली, कापूस वेचून झाला की एका रविवारी ज्याने त्याने आपापलं पहिलं पीक देवळात, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, आणायचं. कुणी कणसं आणतं, कुणी बोंडं लागलेलं पऱ्हाटीचं झाड उपटून आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. सगळं उपासनेच्या मेजापुढे मांडतात, उपकारस्तुती होते, आणि उपासना झाल्यावर बाहेर निंबाखाली त्याचा लिलाव होतो. मेजापुढे एकदा ठेवलेली वस्तू बोली लागल्याशिवाय परत घरी जात नाही, हा रिवाज. आम्हाला शेत नाही. पण परसात एक वाफा जयवंतचा होता. त्यात तो वालाच्या शेंगा लावायचा आणि दर साली स्वतःचं बांबूचं टोपलं भरून, छाती काढून, मधल्या वाटेने चालत नेऊन ठेवायचा. तो श्रावणात गेला. त्या साली वाफा तसाच पडून राहिला. सणाच्या दिवशी मी त्याचं टोपलं घेतलं आणि तसंच, रिकामंच नेऊन मेजापुढे ठेवलं. हे म्हणाले नाहीत की नेऊ नकोस. फक्त माझ्या बाजूने चालले.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायला हात उचलले तेवढ्यात त्यांची नजर टोपल्याकडे गेली. त्याआधीच्या साली चौकीदाराच्या शेळीने आत शिरून कोबी खाल्ला होता. ते ओरडलेच, "पुन्हा शेळी कुणी आत सोडली?" पोरं हसायला लागली, चौकीदार दारातून हात जोडून म्हणतो, "देवाशपथ साहेब, शेळी बांधेल हाय." मी उठून उभी राहिले. म्हटलं, "शेळीने काही खाल्लं नाही. टोपलं मी रिकामंच आणलं. यंदा आमच्या वाफ्यात जे आलं तेच आणलं." पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज उपकारस्तुतीचा दिवस आहे." मी म्हटलं, "मग उपकार झाला नाही ते सांगायचा दिवस कोणता, तो सांगा. त्या दिवशी आणीन." त्यांनी डोळे मिटून सगळ्यावर एकदमच आशीर्वाद मागितला. टोपल्यावरही.

खरी पंचाईत लिलावात झाली. लिलाव दर साली सूर्यभान पाटील करतात, त्यांचा आवाज नाक्यापर्यंत जातो. भोपळा गेला, कोंबडी गेली, आणि मग त्यांच्या हातात ते टोपलं आलं. सवयीने "बोला!" म्हणून गेले आणि मग आत पाहून तसेच थांबले. ठेवावं तर रिवाज मोडतो, विकावं तर काय विकावं? तेवढ्यात मागून पार्बताबाई उठली. ही एकटीच राहणारी म्हातारी. पटकीच्या साथीत तिची दोन पोरं आणि नवरा एकाच आठवड्यात गेले, आणि तरी एकही रविवार तिने चुकवलेला मला आठवत नाही. म्हणते कशी, "एक अंडं." पाटील म्हणाले, "मावशी, लिलावात अंडं नाही चालत." "काहून नाही चालत? तुह्या टोपल्यात तरी काय हाय?" सगळे हसले. पाटलांनी विचारलं, "मंग रिकामं टोपलं घेऊन करशीन काय?" तेव्हा ती म्हणाली, "मले ठाऊक हाय त्यात काय हाय ते. दे इकडं." आणि पदराच्या गाठीतून अंडं काढून पाटलांच्या तळहातावर ठेवलं. मग वळली, टोपलं माझ्या मांडीवर आणून आदळलं, आणि म्हणाली, "तुहं तुले. पुढच्या साली बी आणजो. रिकामं असलं तरी आणजो."

आजवर मला जेवढी प्रवचनं ऐकायला मिळाली, त्यांत हे सगळ्यात लहान. गेल्याच रविवारी यंदाचा सण झाला. मी टोपलं नेलं, रिकामंच. या वेळी शेळीचं नाव निघालं नाही. माझ्या टोपल्याशेजारी यंदा आणखी एक रिकामं सूप ठेवलेलं होतं. कुणाचं ते मी विचारलं नाही.

आता तू म्हणशील, हा हट्ट आहे, श्रद्धा नव्हे. असू दे. हा हट्ट कुठून आला ते तरी आठव. माझी चौथी झाली आणि बाबांनी फर्मान काढलं, पोरीची शाळा पुरे. आई भांडली नाही. तिने अबोला धरला. बाबा समोर पाटावर बसलेले, मध्ये हातभर अंतर, आणि आई तुला निरोप सांगायची, "हरी, तुझ्या वडिलांना सांग, आमटी गरम आहे, जपून." तू शेंबडा पोरगा, ते शब्दन् शब्द म्हणायचास. मग बाबा, "तिला म्हणावं, ऐकू आलं." आणि आई, "ऐकू येतं तर शाळेचंही ऐकू यावं म्हणावं." आपण दोघं पानावर हसू दाबून बसायचो. आणि त्या अबोल्यात एक दिवस तरी बाबांच्या आंघोळीचं पाणी तापायचं राहिलं का? त्यांचं धूतवस्त्र वाळत घालायचं राहिलं का? दिवाळीनंतर बाबांनी स्वतः मला पाटी आणून दिली. पुढे लग्न झाल्यावर यांनी मला घरी शिकवून मॅट्रिकला बसवलं, पण त्याचा पाया तो अबोला होता.

म्हणून देव बोलत नाही याचा अर्थ तो नाही, असं मला कुणी शिकवू नये. अबोला माणूस घरच्यांशी धरतं, रस्त्यावरच्या परक्याशी नव्हे. तो का बोलत नाही, मला ठाऊक नाही. जयवंतला का नेलं, तेही ठाऊक नाही. आणि कुणी कारण सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही. त्याच्यावर माझा राग आहे आणि तो मी रोज त्याच्यासमोरच बसून काढते, दुसऱ्या कुणाकडे जाऊन नाही. ज्याच्या नावाने मी बाप्तिस्मा घेतला त्यानेही वधस्तंभावर खिळलेला असताना वर पाहून हाक मारली होती. तेव्हाही वरून उत्तर आलं नव्हतं. तरी त्याने हाक मारली ती त्यालाच. मी हे डोळे उघडे ठेवून पत्करलं, यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर वर्षभर थांबून, स्वतःच्या पायांनी गेले. सुख मिळेल म्हणून गेले नव्हते, तेव्हा दुःख आलं म्हणून परत येणार नाही. घरखर्चाची वही मी चोख ठेवते, पण देवाशी मी तशी वही मांडलेली नाही. तुझं पंचगव्य तुझ्याकडेच राहू दे.

एक गोष्ट तुला माहीत नाही. आता आई सांगू शकत नाही म्हणून मी सांगते. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा बाबांनी माझ्या नावाने आंघोळ केली, आईनेही केली. मी ओट्यावर उभी होते आणि दार लावणारा हात आईचाच होता, हे मी विसरलेले नाही. पण जयवंत गेला त्यानंतर आपल्याकडे कामाला येणारी जमुना, तिच्या लेकीला भेटायला म्हणून इथे आली, आणि माझ्या हातात एक डबी ठेवून गेली. आत मेतकूट होतं. ना चिठ्ठी, ना निरोप. जमुनेला विचारलं, "काही सांगितलं का?" तर म्हणाली, "नाही बाई. कुटताना बी कोनाशी बोलल्या नाही." आजारातून उठलेल्याला आई मऊ भात आणि मेतकूट द्यायची, आठवतं? मी किती दिवस जेवले नव्हते. त्या दिवशी जेवले. जमुनेवर रागावू नकोस.

आता तुझी शेवटची ओळ. तू लिहितोस, अंगावरून वारा गेल्यापासून आईची वाचा गेली, ती कुणालाच ओळख देत नाही, तेव्हा तशी येऊन तरी उपयोग काय? हरी, याच ओळीसाठी मी हे सारं लिहिलं. मी येते आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीने निघेन, बडनेऱ्याला बदलून दुपारपर्यंत अकोल्यास पोहोचेन. हे सोबत येणार नाहीत, तुला अवघड नको म्हणून. प्रायश्चित्त घेणार नाही. माझी भाकरी आणि पाण्याचा तांब्या माझ्याबरोबर असेल, तुझ्या घरचं काही विटाळणार नाही. आईचं अंथरूण पुढच्या खोलीत आहे म्हणतोस. त्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते. मी ओट्यावर बसेन. लोक पाहतील, पाहू देत. आई बोलली पाहिजे, तिने मला ओळखलं पाहिजे, अशी माझी काही अट नाही. न बोलणाऱ्याजवळ कसं बसायचं हे मला आता येतं. उठून जायचं नाही, एवढंच असतं त्यात. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. खिडकी मात्र लावून घेऊ नकोस.

तुझीच,
अक्का