‘वावटळ’चं दहावं गाणं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. मल्लम्माअक्कास,
सिद्धूचा शि. सा. न. आणि शरणार्थ. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. वर्षाराणीने तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे. पत्र बघून हसू नकोस. मोबाईलवर लिहिलं की ते दाजी वाचतात आणि दाजींकडून आपल्या मन्मथअण्णाच्या कानावर जातं. हे अण्णाला कळायला नको.

त्याच्या ‘वावटळ’ बँडचा चौथा अल्बम आला. माझ्या गळ्याच्या ऑपरेशननंतर, म्हणजे पाच वर्षांत, मी बँडचं काहीच ऐकलं नव्हतं. परवा गंजगोलाईत दुकानात भांडी पुसत होतो, तेव्हा वर्षाराणीने तो लावला. गिटार तीच. अण्णा कितीही दणका करो, त्याची सुरावट दिवसभर ओठांवर राहते, हे त्याचा वैरीही कबूल करील. नऊ गाणी नव्या वैजनाथने म्हटलीत. बरा गातो, जरा ओरडतो. दहावं ‘अर्धापूर फाटा’. ते लागलं आणि माझ्या हातातली परात खाली पडली. तो आवाज माझा आहे.

माझ्यासारखा नव्हे, माझाच. ‘केळी’ म्हणताना ‘ळ’वर जीभ किंचित अडकते, तीसुद्धा माझी. पण हे गाणं मी कधी गायलेलं नाही. आता तर गिऱ्हाईकाशी बोलतानाही घशात वाळू घासते. मग गायलं कोण? हल्ली कॉम्प्युटरला जुनी गाणी ऐकवली की तो हुबेहूब माणसाचा आवाज काढतो म्हणतात, आणि माझ्या आवाजाचे तीन अल्बम अण्णाकडे आहेत. त्यांची कव्हरं आठव. पहिल्यावर आम्ही चौघं एका ओळीत. ‘उन्हाची गाडी’वर अण्णा पुढे, आम्ही मागे धूसर. ‘माळरान’वर नुसता त्याचा हात आणि गिटार. आता माणूसच नको, आवाज तेवढा ठेवून घेतला! दहाव्या गाण्यापुढे गायकाचं नावसुद्धा नाही. पूर्वी माझा शेवटचा शब्द संपायच्या आत त्याची गिटार घुसायची. इथे ती थांबते, दबकत येते. मला लई शक आहे, अक्का.

तू त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतेस. सहज गेल्यासारखी जा आणि बघून कळव, मग वकील गाठायचा की नाही ते ठरवीन.

तुझ्या लोभावर लहानपणापासून हक्क सांगणारा,
सिद्धू

नांदेड, दि. १७ जानेवारी २०२५

चि. सिद्धूस, मल्लम्माचे अनेक उ. आ.

पत्र पोचलं. परात पडली ती विकाऊ होती की घरची? पोचा आला असेल तर माझ्यासाठी ठेव, मला चालते.

तुझ्यासाठी गेले होते मन्मथकडे. खोलीत तारा, डबे, दोन कॉम्प्युटर. त्यातलं मला काय कळणार? वैजनाथ तिथेच होता. मी नऊच गायलो, दहाव्याचं अण्णांना विचारा, म्हणाला. मन्मथला विचारलं तर त्याने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि दाजींच्या गुडघ्याची चौकशी करत बसला. मी काय जोर करणार?

सिद्धू, असेल एखादा सारखा आवाज. निदान आईसाठी तरी भांडू नकोस. गाण्यात फाट्यावर उभी राहून लक्ष्मम्मा केळी सोलते, ती ओळ ऐकून मला आपली आईच दिसली. जिच्या नावाचं गाणं, तिच्याच पोरांनी वकील करायचे का?

थंडीत गळ्याला मफलर बांधत जा. लोभ आहे तो वाढवू, संशय नको.

मल्लम्माअक्का

लातूर, दि. २४ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग गाणं सातदा ऐकलं. वर्षाराणीलाही ऐकायला बसवलं. ‘अर्धापूर फाटा’मध्ये आईचं नाव कुठेच येत नाही. केळी येतात, टेम्पो येतो, चहाची टपरी येते. लक्ष्मम्मा येत नाही.

म्हणजे अल्बममध्ये नसलेली ओळ तुला ठाऊक आहे. कुठून? इतके दिवस मी अण्णावर शक घेऊन राहिलो आणि विचारायला तुलाच पाठवलं. त्याने तुझ्या ताटात भाकरी वाढली, की तुम्ही दोघांनी मिळून काय लिहायचं ते ठरवलं?

वकिलांशी बोललो आहे. अण्णाला नोटीस तयार आहे. पंधरा दिवस थांबतो, तेही तू अक्का आहेस म्हणून.

सिद्धेश्वर

नांदेड, दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद. तुला नको असतील तरी.

नोटीस पाठवू नकोस. मन्मथने चोरी केली नाही. आवाज तुझाच आहे आणि तो त्याला मी दिला.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस तू माझ्याकडे होतास. पहिल्याच दुपारी दाजींबरोबर अर्धापूरहून केळी घेऊन आलास. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, आणि तू फाट्यावर पाहिलेलं एकेक जुळवून गात बसलास. असं तू रोज काहीतरी जुळवायचास आणि विसरून जायचास. मी मोबाईल सुरू करून शेंगांच्या टोपलीत ठेवला.

का ठेवला, ते आज लिहिते. त्याच सकाळी डॉक्टरांनी मला आणि मन्मथला बोलावलं होतं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, काढताना आवाज जाऊ शकतो, तुम्ही घरचे आधी समजावून सांगा, म्हणाले. मी हो म्हणाले आणि सांगितलं नाही. मन्मथ सांगू या म्हणत होता. मी त्याला आईची शपथ घातली. तू ऑपरेशनला नकार देशील, गाठ वाढेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सहीचा कागद तुझ्यापुढे आला तेव्हा, वाचत बसू नको, कर सही, असं म्हणणारीही मीच.

गाताना तू आईचं नाव घेतलंस आणि मला हुंदका आवरला नाही. तो त्या ओळीवर आला आहे, म्हणून मन्मथने ती कापली. मी अल्बम ऐकलाच नव्हता. माझ्या मनात टोपलीतलंच गाणं होतं. गेल्या दिवाळीत मन्मथ म्हणाला, सिद्धूशिवाय अल्बम पुरा होत नाही. मी दिलं, पण नाव छापू नको म्हणाले. नाव छापलं की कधी गायलो, असं तू विचारणार. तू बँडचं काही ऐकत नाहीस, तेव्हा निभावेल असं वाटलं.

मन्मथ पाच वर्षं तुझ्यापुढे मान खाली घालून आहे, ती माझ्या शपथेने. त्याला बोल लावू नकोस.

लोभ मागण्याइतकं तोंड मला नाही.

मल्लम्मा

लातूर, दि. ८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

पत्र मिळून तीन दिवस झाले. वर्षाराणीने दोनदा विचारलं, काय लिहिलंय. काही नाही म्हणालो, आणि स्वतःचाच राग आला. मग तिच्या हातात दिलं. ती वाचून उठून आत गेली. नोटीस वकिलांकडून परत आणली आहे. अण्णाला तेवढं सांग.

अक्का, मला विचारलं असतंस तर मी ऑपरेशनला हो म्हणालो असतो. सुकन्या तेव्हा वर्षाची होती. तिला टाकून मला कुठे जायचं होतं? जाऊ दे आवाज, म्हणालो असतो. फक्त ते आठ दिवस केळी आणण्यात घालवले नसते. गायलो असतो. सकाळपासून, घसा बसेपर्यंत, अण्णाला समोर गिटार घेऊन बसवून आणि पोरीला मांडीवर घेऊन. तिने बापाचं गाणं समोर बसून ऐकल्याची एक आठवण नाही. माझा आवाज तुम्ही घेतला नाहीत, तो गाठीने घेतला. ते आठ दिवस मात्र तू घेतलेस.

मोबाईलमधलं ते सगळं गाणं मला हवं आहे. न कापलेलं.

माफ केलं असं लिहून पाहिलं. खोडलं. अजून तेवढं होत नाही. पुढच्या रविवारी, १६ तारखेला, आम्ही तिघं नांदेडला येतो. अण्णालाही घरी बोलावून ठेव. जेवायला थांबायचं की नाही, ते आल्यावर ठरवीन. पण भाकरी जास्तीच्या कर.

लोभ तुटला नाही, आज एवढंच.

सिद्धू