वहीत न लिहिलेला मका

ताई,
मी कामावर पळतोय. छकुली परत झोपलीये, उठवू नकोस. आधी कबुली देतो. काल तिनं माझ्या वाटीतले मक्याचे दाणे खाल्ले. तू फाडून खाशील म्हणून मी ते तिच्या खाण्याच्या वहीत लिहिलंच नाही. आतडं पुन्हा सुजून रक्त पडलं तर परत दवाखान्यात भरती, या धास्तीनं सकाळी मी संडासाच्या दाराशी येरझाऱ्या घालत होतो. आतून आरोळी आली, "मामा, बघितल्याशिवाय पाणी ओतायचं नाही हं!"
बघितलं. लाल टिपूसही नाही गं! मका तेवढा जसाच्या तसा बाहेर. आम्ही दोघं तिथंच नाचलो.
आता वहीत सगळं खरं लिहिलंय, डॉक्टरांना दाखव. मऊ भात झाकून ठेवलाय. मला संध्याकाळी झोडप, हसत मार खाईन.