तणसातली पिल्लं आणि माझं मार्गदर्शन

३ मार्च, सकाळी ७.१०
लामता गावातल्या आमच्या शेतावर भाताच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगात मांजराची दोन पिल्लं सापडली. अंगावर पुसट पट्टे. शेजारच्या रुख्माबाई म्हणाल्या, रानमांजराचे हायेत, माय शिकारीले गेली असन, हात नोका लावू. वनखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवतात! (टपाल शाखेत काढली. पण जंगलाचं सगळं टपाल माझ्याच हातून गेलं.) माझं निदान : पिल्लं अनाथ. टोपलीत घालून पडवीत आणली.

दुपारी
आशालता म्हणाली, अहो, त्यांची आई शोधत असेल. मी म्हटलं, आता मीच आई. ती बराच वेळ हसत होती. कारण कळलं नाही.
संकल्प : दोघांना पूर्ण शाकाहारी करायचं. संस्कार लहानपणीच होतात.

४ मार्च, सकाळी
वरणभात नाकारला. दूध कापसाने दिलं, थोडंसंच गेलं. एकाने चावून बोट फोडलं. हे जवळीक वाढत असल्याचं लक्षण.

११.३०
दवाखान्यात इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, रिसर्च चालू आहे.

संध्याकाळी ५.४५
बांधावर मोठं रानमांजर. लांब पाय, आखूड शेपटी, कानांच्या टोकाला काळे केस. गवतात टुणकन उडी मारून उंदीर धरला, पण खाल्ला नाही. तोंडात तसाच धरून तणसाभोवती फिरत राहिलं. मधूनच उंदीर खाली ठेवून हलका आवाज द्यायचं. निष्कर्ष : त्याला भूक नसावी.
आशालताला हे सांगितलं. ती उठून आत गेली.

५ मार्च, सकाळी
लहान पिल्लू मान उचलत नाही. विश्रांती घेत असावं.

९.००
विश्रांती नाही. भीती वाटतेय.
वनखात्यातल्या राजेंद्रला फोन केला. तो अजून नोकरीत आहे आणि खरोखरच जंगलात फिरतो. म्हणाला, काका, जिथून उचललीत तिथे आत्ताच्या आत्ता ठेवा आणि लांब व्हा. मी म्हटलं, मी त्याच निर्णयापर्यंत आलोच होतो.

९.३०
पिल्लं तणसात ठेवली. हस्तांतर नीट व्हावं म्हणून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसलो. डोक्यावर छत्री.

दुपारी १.००
आई आली नाही. बेजबाबदार.

४.००
अजून नाही. रुख्माबाई आल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमी इथं बसान तं थे कायले येईन? पोरं मरतीन ना! छत्री त्यांनीच मिटली. खुर्चीही उचलून नेली, त्यामुळे निघालो.

५.२०
खोलीत बसून 'रानमांजराचे मातृत्व : काही निरीक्षणे' लिहायला घेतलं. पहिलं पान झालं. बाहेर पडवीत आशालता आणि रुख्माबाईंची काहीतरी कुजबुज. लक्ष दिलं नाही.

६.३०
आई येऊन गेली. आशालताने आणि रुख्माबाईंनी पडवीतून सगळं पाहिलं. आधी दांडगं पिल्लू मानेला धरून नाल्याकडे नेलं. मग परत आली आणि लहानग्याला कितीतरी वेळ चाटत बसली. त्याने मान उचलली, तेव्हाच घेऊन गेली. सांगताना आशालताचे डोळे भरून आले.
मला एवढंच विचारायचं होतं, की जाताना तिने एकदा तरी घराकडे वळून पाहिलं का? आशालता म्हणाली, हौ, पाहिलं ना, चांगलं थांबून पाहिलं.
मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाली, अंगणात रुख्माबाईंच्या कोंबड्या होत्या.