फळीवरचं लाल फडकं

३ डिसेंबर
चि. धाकट्या,
अ. आ. वि. वि. अण्णांना जाऊन वर्ष झालं. वडिलांची आठवण म्हणून त्यांचं लाल फडकं मी तुला न विचारता उचलून आणलं, ते मनाला लागून राहिलंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर बसून ते फडकं हलवायचे, म्हणून तू मागे दिवा कधी लावलाच नाहीस. आता तरी लाव. हायवेवर मागच्याला ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.
माया आहेच, ती वाढव.
ताई

९ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र म्हणजे पोलिसाची शिट्टीच. पण हसू नकोस. काल सकाळी धुक्यात मका घेऊन निघालो होतो. पंपावर एक ट्रकवाला माझ्यावर उखडला. म्हणाला, त्या म्हातारबाबांना एवढ्या थंडीत मागे का बसवतोस? त्यांनी फडकं हलवलं नसतं तर आत घुसलो असतो.
मागे जाऊन पाहिलं. नुसती पोती.
धाकटा

१४ डिसेंबर
चि. धाकट्या,
कपाट उघडलं. माझ्या डायरीत नोंद आहे : फडकं धुऊन, इस्त्री करून साड्यांखाली ठेवलं. आज ते दमट लागलं आणि घडीत मक्याचा भुसा निघाला. मीच नीट धुतलं नसेल, असं इथे लिहिलं आणि खोडलं. दिवा लाव.
ताई

२० डिसेंबर
ती. ताईस,
दिवा आणि रेडियमच्या पट्ट्या आणून आठवडा झाला. लावायला हात धजत नाही. लावल्या तर अण्णा उतरतील. काल आणखी एक ड्रायव्हर म्हणाला, म्हातारा दमलाय, हात खांद्याच्या वर जात नाही.
धाकटा

२४ डिसेंबर
चि. धाकट्या,
त्या फळीवरच्या गारठ्यानेच त्यांची छाती भरली. हे मला तेव्हाही कळत होतं, मी बोलले नाही. आता गेल्यावरही बसवायचं का? एक दिवस तो हात उठणारच नाही, मग तुझं काय? फडकं आज ओलंचिंब आहे. उतरू दे त्यांना.
ताई

२ जानेवारी
ती. ताईस,
लावलं सगळं. आज पंपावरचा तोच ट्रकवाला भेटला, लांबूनच दिसलास म्हणाला. भीत भीत विचारलं, मागे कोणी होतं का? कोणी नव्हतं म्हणाला. फक्त आपल्या वळणावर एक म्हातारा शेताकडे चालला होता. सावकाश, मोकळ्या हातांनी.
लोभ आहेच. फडकं वाळलं का, तेवढं कळव.
धाकटा