दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी

पुणे,
गुरुवार, १९ सप्टेंबर १९५७

ति. हेप्झिबाताईस,
तमारचा शालोम आणि शि. सा. न. वि. वि.

लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचली. झाकण उघडायच्या आधीच वास हॉस्टेलभर फिरून आला आणि मुली पोळ्या घेऊन माझ्या खोलीत हजर झाल्या. बाबांच्या हाताला तेल लावतेस ना? थंडी सुरू व्हायच्या आत त्यांची बोटं थोडी सैल व्हायला हवीत.

ताई, आता खरं लिहिते. आमच्या मानसशास्त्राच्या बाईंनी प्रत्येकीला ओळखीच्या एका व्यक्तीचा अभ्यास लिहायला सांगितला होता. माणूस एखादी गोष्ट कशासाठी करतो, कशाला भितो, ताण आला की कसा वागतो आणि या सगळ्यातून त्याचा स्वभाव कसा घडतो, असे चार भाग. बाकीच्यांनी शाळेतली मुलं निवडली. मी तुला निवडलं.

नाव बदललं, तुला शांती केलं. पनवेलही लिहिलं नाही, समुद्राजवळचं एक गाव म्हटलं. पण शांतीच्या घरी शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत चूल पेटत नाही, हे तसंच राहून गेलं. मला ते इतकं रोजचं, की त्यावरून कुणी आपलं यहुदी घर ओळखेल हे सुचलंच नाही. बाईंनी निबंध वर्गात मोठ्याने वाचला आणि मागच्या बाकावरून वेणू हसून म्हणाली की, ही कुठली आली शांती, ही तर आमच्या कमळाकाकूंच्या शाळेतली हेप्झिबाबाई. वर्ग खो खो हसला.

मी लिहिलं होतं, की वडील अंथरुणाला खिळले म्हणून शांतीने लग्न केलं नाही असं सगळे मानतात, तीही तसंच सांगते. पण वडिलांचं आजारपण ही तिने पुढे धरलेली ढाल आहे, आणि ढालीमागे भीती आहे. बाईंनी या वाक्याखाली लाल रेघ मारून ‘उत्तम’ लिहिलं. ते पाहून मला आनंद झाला, ताई. त्याचीच आता सर्वांत जास्त लाज वाटते.

वेणू शनिवारी पनवेलला येणार आहे. तिच्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईने लिहिलं. रागाव, पण उत्तर पाठव.

तुझ्या मायेवाचून जिचं चालत नाही ती,
तमार

---

पनवेल,
मंगळवार, २४ सप्टेंबर १९५७

चि. तमार हीस अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. कमळाबाई परवा येऊन गेल्या. पोस्टापेक्षा त्यांचे पाय नेहमीच चपळ.

ओटीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या की, काय हो बाई, चौथीच्या वर्गाबाहेर न पडता तुम्ही पुण्याच्या कॉलेजात धडा झालात की! मग त्यांनी तुझं ते ढालीचं वाक्य म्हणून दाखवलं. पाठ करून आल्या होत्या. ओटीच्या खिडकीला लागूनच बाबांची खाट आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

त्या गेल्यावर बाबांनी विचारलं, की तमारने काय लिहिलंय. मी म्हटलं, काही नाही, शाळेतल्या गप्पा. त्यांनी पुन्हा विचारलं. जीभ अडखळते तरी ‘ढाल’ हा शब्द त्यांनी नीट उच्चारला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

शाळेत मी वर्गात शिरले, की गप्पा थांबतात. काल शिकवताना फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ मुलींकडे वळवेना. चाळीस वर्षांची बाई मी, आणि कुणी परकर फाटलेला पाहावा तशी माझी अवस्था झाली आहे. मानसशास्त्रात याला काही नाव असेल तर ते मला कळवू नकोस.

नव्या वर्षाचा सण परवा आणि दारफाळणीचा उपास ५ तारखेला, शनिवारी. तुला रजा नाही, हे ठाऊक आहे. प्रकृतीस जप.

तुझी बहीण,
हेप्झिबा

---

पुणे,
रविवार, २९ सप्टेंबर १९५७

ति. ताईस,
तमारचा शालोम आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. मेसच्या काळूरामने विचारलंसुद्धा, की तमारताईंचा उपास यंदा आधीच सुरू झाला की काय.

दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी आपण एकमेकांची माफी मागतो. थोरही धाकट्यांची मागतात. मी लहान असताना बाबा खाटेवरून तुझा हात धरून म्हणायचे, की माझ्यामुळे तुझं लग्न राहिलं, मला माफ कर. आणि तू म्हणायचीस, माफ केलं, बाबा. मी दाराआडून रडायचे. हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी ते वाक्य लिहिलं. मला वाटलं, सगळ्यांना दिसतं त्याच्या मागचं मला दिसलं. पुस्तकातल्या दोन प्रकरणांनी मला एवढं शहाणं केलं.

मी ठरवलं आहे. १० तारखेच्या तासाला वर्गात उभी राहून सांगणार, की माझा निबंध खोटा आहे, माझी बहीण वडिलांसाठीच राहिली. बाईंनी गुण काढून घेतले तरी चालेल. यंदा मला घरी येता येत नाही, म्हणून या कागदावरच तुझे पाय धरते. मला माफ केलंस का, एवढं एका ओळीत कळव.

तुझ्या एका ओळीची वाट पाहणारी,
तमार

---

पनवेल,
रविवार, ६ ऑक्टोबर १९५७

चि. तमार हीस अ. उ. आ.

गुरुवारी वर्गात उभी राहू नकोस. तू खोटं लिहिलेलं नाहीस.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुला शेजारच्या झुबेदाआपांकडे नेऊन ठेवलं होतं. मी बावीस वर्षांची. दोन दिवस मी बाळंतिणीच्या खोलीत पाणी तापवून नेत होते. मूल गेलं, मग आई गेली. तिने माझं मनगट धरलं होतं, ते सोडवायला सुईणीला बोटं एकेक करून उघडावी लागली. तीन वर्षांनी कराचीच्या इझिकेलचं स्थळ आलं. माणूस चांगला होता, मला आवडलाही होता. पण लग्न म्हटलं, की मला ती खोली दिसायची. त्याच महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी म्हटलं, बाबांना टाकून कशी जाऊ? सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सिनेगॉगमध्ये बायका मला पुढे जागा देऊ लागल्या. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा ते किती सोपं होतं.

पण मला लाज वाटते ती भीतीची नव्हे. बाबा दरवर्षी माझी माफी मागत राहिले आणि मी ती देत राहिले, याची वाटते. जे त्यांनी केलंच नाही त्याची.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. ते बोलायच्या आत मी सगळं सांगितलं, आणि म्हटलं, की यंदा माफी मी मागते. बाबांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, की पंधरा वेळा मी तुझ्यापुढे रडलो आणि पंधरा वेळा तू पदराने माझे डोळे पुसलेस. एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत. दारफाळणीच्या रीतीप्रमाणे दिवसभर दार लावून आम्ही दोघं एका खोलीत होतो. मी प्रार्थनेचं पुस्तक वाचत होते, ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतका लांब दिवस माझ्या आठवणीत नाही.

तुला मी माफ केलं का, विचारतेस. ते शब्द मी इतकी वर्षं इतके स्वस्त वापरले, की आता लिहायला हात धजत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी ये, तोंडाने सांगेन. तोवर तो निबंध कुठे छापू मात्र नकोस. आणि चुलीचं वाक्य खोडून टाक. उरलेलं कुणाच्याही घरचं असू शकतं.

आता शेवटचं. आजारी पडल्यापासून बाबा अर्ध्या ताटावरच पुरे म्हणायचे. मला वाटायचं, दुखण्याने भूक मेली. काल उपास सोडायला सांदणं आणि रस्सा वाढला. त्यांनी माझ्या हातून तीन सांदणं खाल्ली, मग चांगल्या हाताने ताट माझ्याकडे ढकललं आणि रागावलेल्या आवाजात म्हणाले, की वाढ अजून, आणि रस्सा घालताना एवढा हात आखडू नकोस. मी भीत भीत विचारलं, की बाबा, माफीचं काय. ते म्हणाले, विचार करतोय, तू आधी वाढ.

मी वाढलं.

तुझी,
हेप्झिबा