डेल्मरची जागा

प्रिय आई,

डेल्मरचा आवाज परत येणार नाही, असं काल डॉक्टरांनीच सांगितलं. घशातली गाठ मात्र पूर्ण निघाली आहे आणि तो नीट जेवतो. तुझी कंबर कशी आहे?

गेल्या शनिवारी इथल्या चर्चने आमच्या ब्लूग्रास बँडचा, आपल्या डोंगरी गाण्यांचा, मोफत कार्यक्रम ठेवला होता. पोटापाण्यासाठी ओहायोत आलेली आपल्या केंटकीच्या डोंगरातली माणसं बाक भरून बसली होती. माईक नेहमीसारखा एकच. ध्रुवपद आलं की आपापला सूर घेऊन सगळ्यांनी त्याच्याभोवती गोळा व्हायचं. डेल्मरची जागा आम्ही रिकामी ठेवली होती; तेव्हा आशा होती ना. तो मागे बँजो वाजवत होता. पण ध्रुवपद येताच तुझा धाकटा सवयीने पुढे आला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

पुढच्या बाकावरची म्हातारी ओरडली, "काय रे पोरा, आवाज केंटकीतच विसरलास काय?"

सगळे हसले. तोही हसला. मग प्रत्येक ध्रुवपदाला तो तसाच येत राहिला. त्याला मागे घ्यायला माझं मन धजलं नाही.

या शनिवारी आम्ही घरी पोचू. रविवारी चर्चमध्ये तो तुझ्या शेजारीच उभा राहील. गाणं सुरू झालं की त्याच्याकडे वळून पाहू नकोस.

तुझा,
ऑर्विल